पहिले बारा आठवडे

गरोदर बाईला डासापासून वाचवायचे, तर ती गरोदर आहे हे आधी कुणाला तरी कळले पाहिजे. बहुतेक योजना इथेच अडतात. पाळी चुकली तरी आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते. पहिलटकरीण असेल तर घरात सांगायला लाजते. तीन लेकरांची आई असेल तर तिला दवाखान्याची घाई नसते. मजुरीसाठी गाव सोडलेली असेल तर नोंद कुठल्या उपकेंद्रात करायची, हाच प्रश्न पडतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाल्याचे दिसले. आधीच्या पाहणीपेक्षा ही मोठीच प्रगती आहे. पण उरलेल्या ३० टक्के बायांपर्यंत यंत्रणा पोहोचते तेव्हा गर्भाचे हृदय, मणका, मेंदू यांची मूळ घडण होऊन गेलेली असते.

झिकाचा विषाणू गर्भाच्या मेंदूचे सर्वाधिक नुकसान करतो ते याच तिमाहीत. हिवतापाने गर्भ पडण्याचा धोकाही याच आठवड्यांत असतो. पुढच्या महिन्यांत आईचे रक्षण करणारी काही औषधे या काळात देता येत नाहीत. धोका जवळ आणि मदत लांब, अशी ही अवस्था आहे. गरोदर स्त्रियांना डासांच्या आजारांपासून वाचवण्यासाठी जगभर गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ प्रयत्न झाले. त्यांतले काही फार मोलाचे आहेत. ते सगळे एका प्रश्नासमोर उभे करून पाहावेत असे मला वाटते: पहिल्या बारा आठवड्यांत त्या बाईच्या वाट्याला काय आले?

त्याआधी डासांविषयी. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस रात्री चावतो. झरे, ओढे, भातखाचरे, विहिरी, पाण्याच्या टाक्या अशा ठिकाणी त्याच्या निरनिराळ्या जाती वाढतात. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या कडेला कोरड्यात महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. मच्छरदाणी पहिल्या डासावर रामबाण, दुसऱ्यावर फारशी उपयोगी नाही. म्हणून गडचिरोलीतल्या गरोदर बाईला जे द्यायचे ते पुण्यातल्या बाईला देऊन भागत नाही. शिवाय आपल्याकडे डासांचे काम हिवताप विभागाकडे आणि बाईचे काम माता-बाल आरोग्य विभागाकडे. दोन्ही विभागांची माणसे एकाच दारात येतात, पण वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या नोंदवह्या घेऊन.

गरोदर बाईला डास जास्त चावतात, हे आपल्या आज्या सांगत आल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात ते मोजून पाहिले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गरोदर स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या दुप्पट अ‍ॅनोफिलीस डास ओढले गेले. कारणे साधी होती. पोटावरच्या त्वचेचे तापमान वाढलेले असते आणि श्वासातून जास्त हवा बाहेर पडते. उष्णता आणि उच्छ्वास यांवरच डास माणूस शोधतो. आणखी एक गोष्ट त्यात नोंदली गेली, ती कुठल्याही बाळंत झालेल्या बाईला सांगावी लागणार नाही: गरोदरपणात लघवीसाठी रात्री वारंवार उठावे लागते, आणि प्रत्येक वेळी ती मच्छरदाणीबाहेर येते.

फाल्सिपेरम जातीचा हिवताप अशा बाईच्या शरीरात वेगळाच वागतो. परजीवीने ग्रासलेल्या रक्तपेशी वारेला, म्हणजे नाळेच्या मुळाशी असलेल्या अवयवाला, चिकटून बसतात. तिथे त्या दडल्या की बोटातून काढलेल्या थेंबात कधी कधी काहीच सापडत नाही. बाईला ताप नसतो, रक्ताचा अहवाल निर्दोष येतो, आणि आत वारेतून बाळाला मिळणारे पोषण कमी होत राहते. आईचे रक्त आटते. बाळ कमी वजनाचे, कधी अपुऱ्या दिवसांचे, कधी मृत जन्मते. जिथे हिवताप बारमाही आहे तिथल्या बायांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गरोदरपणापर्यंत वारेतल्या या परजीवीविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून तिथे पहिलटकरणीला सर्वांत जास्त जपावे लागते. जिथे हिवताप कमी, हंगामी आहे तिथे कुणालाच ही प्रतिकारशक्ती नसते आणि प्रत्येक गरोदरपण सारखेच उघडे पडते. आपला देश बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

आफ्रिकेतून सुरुवात करावी लागते, कारण तिथले ओझे अतोनात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आफ्रिकेच्या हिवतापग्रस्त देशांतल्या सुमारे साडेतीन कोटी गरोदरपणांपैकी सव्वा कोटींहून अधिक गरोदरपणांत आईला हिवतापाची लागण झाली. तिथे ठरलेली पद्धत तीन पायांवर उभी आहे. पहिला पाय कीटकनाशक भारित मच्छरदाणीचा. आफ्रिकेतल्या चाचण्यांचा एकत्रित विचार करता, पहिल्या काही गरोदरपणांत या मच्छरदाण्यांमुळे गर्भपात आणि मृतजन्म मिळून एक तृतीयांशाने आणि कमी वजनाची बाळे जवळपास एक चतुर्थांशाने घटली. इतका स्वस्त उपाय आणि इतका मोठा लाभ, असे उदाहरण सार्वजनिक आरोग्यात क्वचितच मिळते. दुसरा पाय तातडीच्या निदान-उपचारांचा. तिसरा पाय सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या गोळ्यांचा. ताप असो-नसो, चौथ्या महिन्यापासून प्रत्येक तपासणीच्या वेळी, किमान महिन्याच्या अंतराने, निदान तीन वेळा या गोळ्या आरोग्यसेविकेसमोर गिळायच्या.

या गोळीच्या कथेत मुंबईचा एक धागा आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचे रक्त का आटते, याचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात असे तिला आढळले. त्या अर्कातला कामाचा घटक पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला आणि जगभरच्या गरोदर बायांच्या हाती ती गोळी पडली. हिवतापाची ही प्रतिबंधक गोळी नेमकी परजीवीच्या फोलेटवरच घाव घालते. त्यामुळे फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅमसारख्या मोठ्या मात्रेत दिले तर ते हिवतापाच्या गोळीचा परिणाम मारते, ०.४ मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत तो राहतो. अनेक देशांत माता-बाल विभाग मोठी गोळी वाटत होता आणि हिवताप विभाग त्याच बाईला दुसरी गोळी देत होता. दोन विभाग एकमेकांशी बोलले नाहीत तर काय होते, ते त्या बाईच्या रक्तात दिसते.

आफ्रिकेतला खरा अडथळा गोळी पोहोचवण्याचा होता. तीन मात्रा पूर्ण होणाऱ्या स्त्रिया आजही निम्म्याहून कमी आहेत. दवाखाना दूर, गोळ्यांचा साठा संपलेला, आणि पहिली तपासणीच पाचव्या-सहाव्या महिन्यात. म्हणून काँगो, मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरिया या चार देशांत गावातल्या आरोग्य कार्यकर्तींच्या हाती या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. अशाने बाया दवाखान्यात येणेच बंद करतील, ही भीती खरी ठरली नाही. गोळ्यांचे प्रमाण वाढले आणि तपासणीला येणेही टिकले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मार्गाला मान्यता दिली. माझ्या लेखी गेल्या दशकातली ही सर्वांत आश्वासक घडामोड आहे. तरीही ही गोळी पहिल्या तिमाहीत चालत नाही. कार्यकर्ती गावातच असली तरी चौथा महिना लागेपर्यंत तिच्याकडे या बाईसाठी मच्छरदाणीपलीकडे फारसे काही नसते.

आपल्याला शिकण्यासारखे उदाहरण आफ्रिकेपेक्षा थायलंड आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर आहे. डोंगराळ जंगल, तुरळक वस्ती, फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही प्रकारचे हिवताप, आणि सीमेपलीकडच्या लढाईतून पळून आलेले करेन समाजाचे निर्वासित. तिथल्या छावण्यांत १९८६ पासून फ्रान्स्वा नोस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोक्लो मलेरिया संशोधन केंद्र उभे केले. त्या काळी छावणीतल्या गरोदर बाया हिवतापाने मरत होत्या. प्रतिबंधक औषधांना परजीवी जुमानत नव्हता. मग त्यांनी एक साधी, कष्टाची पद्धत धरली. गरोदर असल्याचे कळताच नाव नोंदवायचे आणि मग दर आठवड्याला, बाळंत होईपर्यंत, बोटातून रक्ताचा थेंब तपासायचा. ताप असो वा नसो. परजीवी दिसला की त्याच दिवशी उपचार. हिवतापाने होणारे मातामृत्यू जवळजवळ थांबले.

या कामातून आणखी एक मोठी गोष्ट हाती आली. हजारो बायांच्या पहिल्या तिमाहीच्या, आठवड्याला एक अशा नोंदी जगात दुसरीकडे कुठे नव्हत्या. १९८६ ते २०१० या काळातल्या त्या नोंदी २०१२ साली प्रसिद्ध झाल्या. पहिल्या तिमाहीत हिवतापाची एकच लागण झाली आणि तापही आला नाही, तरी गर्भपाताची शक्यता अडीच पटींहून अधिक वाढत होती. ताप आला तर ती चौपट होत होती. ज्या गर्भपातांना आपण नशीब म्हणून सोडून देतो, त्यांतले काही डासाच्या चाव्याचे असतात, हे त्या नोंदींनी दाखवले. पहिल्या तिमाहीत आर्टेमिसिनीनच्या गटातली औषधे देण्याची डॉक्टरांना वाटणारी भीती कमी होण्यातही अशा नोंदींचा वाटा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन हे औषध पहिल्या तिमाहीतल्या फाल्सिपेरमसाठी सुचवले. तोपर्यंत तिथे क्विनीनचाच आधार होता, आणि कानात गुणगुण, मळमळ, चक्कर यांमुळे ते सात दिवस पुरे करणे गरोदर बाईला फार जड जाई.

आता गडचिरोली. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाचा, आणि राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार अनेक वर्षे या एकट्या जिल्ह्यावर. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत पावसाळ्यात नाले भरले की गावे तुटतात. भारतात गरोदर बायांना आफ्रिकेसारख्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या जात नाहीत. आपला भर मच्छरदाणी, घरातली फवारणी आणि ताप आला की तपासणी यांवर आहे. आशाताई बोटाला सुई टोचून एक थेंब पट्टीवर घेते, द्रावणाचे थेंब टाकते आणि पंधरा-वीस मिनिटे थांबते. वरची रेघ आली म्हणजे पट्टी चालू आहे. खाली दुसरी रेघ उमटली तर हिवताप, आणि ती कुठल्या जागी उमटली यावरून फाल्सिपेरम की व्हायवॅक्स ते कळते. पक्क्या रस्त्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत असलेल्या पाड्यात हे होऊ शकते, हे मोठेच काम आहे. पण यात सगळी मदार तापावर आहे. ताप नसलेली, वारेत परजीवी बाळगणारी गरोदर बाई या चाळणीतून सुटते. सीमेवरच्या छावणीत तिला सोडले जात नव्हते.

व्हायवॅक्सची गोष्ट आणखी अवघड आहे. हा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तिथून काढणारे प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. म्हणून क्लोरोक्विन देऊन ताप उतरवायचा, पुन्हा उलटेल हे गृहीत धरून लक्ष ठेवायचे, आणि बाळंतपणानंतर योग्य वेळी राहिलेला उपचार पुरा करायचा. हे लक्षात कोण ठेवणार? हिवतापाच्या नोंदवहीत तिचे नाव ताप आलेल्या महिन्यात असते, बाळंतपणाच्या नोंदवहीत ते सहा-सात महिन्यांनी वेगळ्या पानावर येते. दोन्ही नोंदी जोडणारी रेघ कुणी मारली नाही तर ती बाई पुढच्या गरोदरपणातही तोच हिवताप घेऊन जाते.

माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाया कुर्माघरात राहतात. गावाच्या कडेला असलेली ही झोपडी पुष्कळ ठिकाणी पडकी, कुडाची, दार नसलेली असते. तिथे मच्छरदाणी टांगायला धड आडवे लाकूडही नसते. घरात फवारणी होते, कुर्माघर राहून जाते. महिन्यातल्या त्या चार-पाच रात्री गावातली प्रत्येक तरुण बाई डासांच्या हवाली असते आणि त्या हिवतापासह ती पुढच्या महिन्यात गरोदर राहू शकते. अलीकडे काही गावांत पक्की, संडास-न्हाणीघर असलेली घरे बांधली गेली, हे चांगले झाले. प्रथेबद्दल बोलायला वेळ लागेल. फवारणीच्या यादीत कुर्माघराचे नाव घालायला एक दिवस पुरे. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कोण या महिन्यात कुर्माघरात आली नाही, हे गावातल्या बायांना सरकारी नोंदीच्या कितीतरी आधी कळलेले असते. पहिल्या बारा आठवड्यांची जी माहिती यंत्रणेला मिळत नाही, ती गावाकडे असते.

गावातल्या बाईवर हे काम सोपवता येते, याचा पुरावा याच जिल्ह्याने जगाला दिला. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशांच्या गृहभेटींची पद्धत त्यातूनच आली. या कामाचा पाया होता तो गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची, एकही न सोडता, केलेली नोंद.

शेजारच्या ओडिशाने तापाची वाट न पाहण्याचा मार्ग धरला. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दमन’ या मोहिमेत दुर्गम गावांत शिबिरे भरवून सगळ्यांचेच रक्त तपासले गेले, ताप असो-नसो. जो बाधित निघाला त्याला तिथेच औषध. जोडीला मच्छरदाण्या, फवारणी, आणि गरोदर बाया व लहान मुलांकडे खास लक्ष. २०१७ ते २०१८ या एका वर्षात राज्यातले हिवतापाचे रुग्ण ८० टक्क्यांनी घटले. त्याआधी देशातल्या हिवतापाचा सर्वांत मोठा वाटा ओडिशाचा होता. गरोदर बाईच्या दृष्टीने या मोहिमेचे महत्त्व असे, की गावातच परजीवी उरला नाही तर तिची नोंद उशिरा झाली तरी ती बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. मी विचारलेल्या प्रश्नाला आजवर मिळालेले सर्वांत चांगले उत्तर हेच आहे.

एडिसकडे वळले की चित्र पालटते. झिकाचा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडात सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच भारतीयांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे असल्याची नोंद केली होती. त्याकडे साठ वर्षे कुणी फारसे पाहिले नाही, कारण आजार किरकोळ वाटत होता. दहांपैकी आठ जणांना लक्षणेच जाणवत नाहीत. मग २०१५ मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये, रेसिफे शहराच्या आसपास, अगदी लहान डोक्याची बाळे एकामागून एक जन्मू लागली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आणीबाणी जाहीर झाली. त्याच महिन्यात ब्राझीलने २ लाख २० हजार सैनिक घरोघरी पत्रके घेऊन पाठवले.

त्या काळात अनेक सरकारांनी बायांना दिलेला सल्ला मला अजून खटकतो. एल साल्व्हादोरने २०१८ पर्यंत गरोदर राहू नका असे सांगितले. ज्या देशात गर्भपाताला पूर्ण बंदी, जिथे कितीतरी गरोदरपणे न ठरवता येतात, तिथे हा सल्ला म्हणजे सारी जबाबदारी बाईच्या अंगावर टाकणे होते. झिका लैंगिक संबंधांतूनही पसरतो, तरी पुरुषांना उद्देशून फार कमी बोलले गेले. ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब वस्त्यांत नळाला पाणी नियमित येत नव्हते म्हणून बाया ते पिंपांत साठवत होत्या, आणि डास त्याच पिंपांत वाढत होता. नळाचा प्रश्न सरकारचा होता. झिकाचे दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आयांनी एकत्र येऊन संघटना बांधल्या आणि उपचारांसाठी, पैशांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. साथ ओसरल्यावर बातम्या थांबल्या. त्यांच्या घरातले काम थांबले नाही.

प्युर्तो रिकोने वेगळे काही केले. तिथे गरीब गरोदर बायांना पोषण आहार देणारी केंद्रे आधीपासून होती. त्याच केंद्रांतून त्यांना मच्छरदाणी, अंगाला लावायचे डासरोधक, निरोध, पाण्यात टाकायच्या गोळ्या असा संच देण्यात आला आणि ज्यांना मूल नको त्यांना मोफत गर्भनिरोधके मिळाली. बाई जिथे आधीच येत होती तिथेच डासाचा विषय नेला, हे त्यातले शहाणपण. प्युर्तो रिकोसारख्या अमेरिकेच्या ताब्यातल्या प्रदेशांतल्या नोंदींत पहिल्या तिमाहीत लागण झालेल्या सुमारे ८ टक्के गर्भांत झिकाशी संबंधित दोष आढळले, दुसऱ्यात ५ टक्के आणि तिसऱ्यात ४ टक्के. पोषण केंद्रात नाव घालायला येणारी बाईही पहिले काही आठवडे उलटूनच येत असे.

भारतात अहमदाबादच्या बापूनगरात आढळलेल्या पहिल्या तीन रुग्णांत एक नुकतीच बाळंत झालेली आणि एक नवव्या महिन्यातली गरोदर स्त्री होती. जानेवारी २०१७ मध्ये निदान पक्के होऊनही लोकांना ते मे महिन्याच्या अखेरीस, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रकातून कळले. त्या भागातल्या इतर गरोदर बायांना दरम्यानच्या काळात सावध राहण्याची संधी मिळाली नाही. घबराट टाळण्यासाठी माहिती लपवणे हा आपल्या यंत्रणेचा जुना दोष आहे, आणि गरोदरपणात तो फार महागात पडतो. पुढे २०१८ मध्ये जयपूर, २०२१ मध्ये केरळ आणि कानपूर. महाराष्ट्रात ३१ जुलै २०२१ च्या सुमारास पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात पहिली रुग्ण सापडली. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यातून सुरुवात झाली आणि वर्षअखेर शहरातला आकडा शंभरावर गेला. त्यांत गरोदर महिलांचे प्रमाण मोठे होते, कारण रुग्ण सापडलेल्या भागातल्या गरोदर बायांचे नमुनेच प्रामुख्याने तपासले जात होते. ३ जुलै २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून गरोदर महिलांची तपासणी आणि बाधित मातांच्या गर्भावर लक्ष ठेवण्यास सांगितले.

पुण्याने तपासणीची पद्धत चांगली राबवली, हे मान्य केले पाहिजे. पण बाधित निघालेल्या बाईपुढे पुढचे महिने काय असतात? औषध नाही, लस नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डोके व्यवस्थित दिसू शकते आणि वाढ खुंटल्याचे सातव्या-आठव्या महिन्यात लक्षात येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात होऊ शकतो. पण तो निर्णय त्या टप्प्यावर घेणे किती कठीण, हे त्या बाईलाच ठाऊक. या महिन्यांत तिला दर वेळी एकाच डॉक्टरकडे जाता यावे, फोन करून विचारता यावे, नवऱ्यालाही समोर बसवून सांगितले जावे, इतके तरी कुठल्याही महापालिकेला जमण्यासारखे आहे.

डेंगी आणि चिकुनगुन्याचे थोडक्यात. डेंगीत धोका बाळंतपणाच्या दिवसांत जास्त, रक्तस्रावामुळे. गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेले असते, त्यामुळे डेंगी गंभीर वळण घेत असल्याची रक्तातली खूण झाकली जाते. तापावर पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळायचे. चिकुनगुन्या आईला बाळंतपणाच्या वेळीच झालेला असेल तर जवळपास निम्म्या बाळांना तो होतो, आणि सिझेरियननेही तो टळत नाही, असे रेयुनिओं बेटावरच्या २००५-०६ च्या साथीत दिसले.

एडिसविरुद्ध धुराची गाडी फिरवली की नगरसेवकही समाधानी आणि रहिवासीही. त्या धुराने बाहेर उडणारे काही डास मरतात. घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसलेले बरेचसे वाचतात आणि अळ्या तशाच राहतात. खरे काम फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, मनीप्लांटच्या बाटलीत, गच्चीवरच्या टायरात आणि बांधकामाच्या तळघरात साचलेल्या पाण्यात आहे. निकाराग्वा आणि मेक्सिकोत ‘हिरवी वाट’ अशा अर्थाच्या नावाने झालेल्या मोठ्या चाचणीत वस्त्यांतल्या लोकांनी आपल्याच घरांतले पुरावे पाहून, आपसांत ठरवून पाणीसाठे सांभाळले. त्या वस्त्यांत मुलांमधली डेंगीची लागण इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिली. २०१५ साली हे निष्कर्ष आले. आपला आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ हेच सांगतो, पण एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पिंप रिकामे करा म्हणून सांगणाऱ्या आरोग्यसेविकेला बायांनी काय उत्तर द्यावे? तिथे पिंपाला घट्ट झाकण, कापडाचा दुहेरी पडदा आणि रांजणात गप्पी मासे, एवढेच हाताशी उरते. घरातल्या कुंड्यांसाठी दंड होतो तसा मोठ्या बांधकामांनाही व्हायला हवा. गोव्यात ऐंशीच्या दशकात हिवताप परतला तो बांधकामांबरोबर, आणि बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे करून, त्यांचे रक्त तपासून राज्याने तो आटोक्यात आणला. मजुरांत गरोदर बायाही असतात आणि उसाच्या फडावर जाणाऱ्या टोळ्यांतही असतात, पण असे कार्ड त्यांच्यामागे फडावर जात नाही.

लसीची वाट पाहण्यात अर्थ आहे, मर्यादित. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ ही हिवतापाची लस मुलांसाठी आहे. गरोदर होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना आधीच दुसरी एक लस देण्याची चाचणी मालीत झाली आणि तिचे २०२४ साली आलेले निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत. तयारी गरोदरपणाच्या आधीच करायची, हा विचार मला सर्वांत योग्य वाटतो, आणि त्यासाठी लस येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

आशाताईच्या पिशवीत आज दोन छोट्या पट्ट्या असतात. एक ‘निश्चय’ नावाची, लघवीच्या थेंबावर गरोदरपण सांगणारी. दुसरी हिवतापाची. दोन्ही सरकारने दिलेल्या, दोन्ही काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या. हिवतापग्रस्त तालुक्यांत निश्चयची पट्टी होकार देईल त्याच बैठकीत दुसरी पट्टी वापरावी, मग ताप असो वा नसो, आणि पुढे दर महिन्याच्या भेटीत ती पुन्हा करावी, असा नियम झाला तर तपासणी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरू होईल. तिच्याकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही आधीपासून आहे. मच्छरदाणी गरोदरपणाची नोंद झाल्यावर देण्याऐवजी या यादीतल्या नवविवाहितेला लग्नाच्या वर्षीच देता येईल. शहरात त्याच यादीवरून पावसाळ्याच्या सुरुवातीला अशा घरांतल्या पाणीसाठ्यांची तपासणी आधी करता येईल.

हे सगळे पुन्हा एकाच बाईच्या खांद्यावर येते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्यानंतरच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी दोनदा संप करावा लागला. एका रक्तनमुन्यामागे तिला १५ रुपये मिळत आले आहेत. ताप नसलेल्या गरोदर बाईची दरमहा तपासणी तिने करावी असे वाटत असेल, तर त्या कामाचा दर शासन निर्णयात आधी लिहावा लागेल आणि तो महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात जमा करावा लागेल.